डीकनच्या कांड्या

(नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्या. ऑगस्टची अखेर, सकाळ. खोड्याजवळ तिघं: डेलमर व्हाव्रा, त्याची मुलगी ट्वायला आणि गुरांचा डॉक्टर लाव्हर्न पोकोर्नी.)

लाव्हर्न : हीसुद्धा रिकामी.

डेलमर : नीट बघ.

लाव्हर्न : खांद्यापर्यंत हात आत आहे, डेलमर. याहून नीट बघायचं तर मलाच आत जावं लागेल.

डेलमर : पुन्हा बघ म्हणतो ना.

लाव्हर्न : दोनदा बघितली. रिकामी. सोळापैकी सोळा. सोड तिला, ट्वायला.

ट्वायला : चल गं. नीघ.

डेलमर : सोळाच्या सोळा! लाव्हर्न, तू किती वर्षं येतोयस इथे?

लाव्हर्न : केस होते तेव्हापासून.

डेलमर : कधी बघितलंस असं?

लाव्हर्न : नाही. सोळात चार-पाच उलटतात. सगळ्या नाही.

डेलमर : आणि त्या कालवडी? कॅटलॉगातल्या त्या पोरसवदा बैलाच्या कांड्यांनी भरवलेल्या?

ट्वायला : मघाशी तुमच्यासमोर तपासल्या. साठातल्या एकेचाळीस गाभण.

डेलमर : एकेचाळीस. म्हणजे हात चालतो तुझा. तुझ्या आईच्या बैलाची पाळी आली की तेवढा लुळा पडतो.

ट्वायला : काय म्हणायचंय तुम्हाला?

डेलमर : कळलंय तुला.

ट्वायला : नाही, तोंडाने म्हणा. डॉक्टरांसमोर म्हणा.

डेलमर : तुला डीकन नकोच होता. पहिल्या दिवसापासून. 'बाबा, तो जुना झाला. बाबा, बाजार पुढे गेला.' झालं तुझ्या मनासारखं.

ट्वायला : मी मुद्दाम केलं?

डेलमर : मुद्दाम केलंस की मन न लावता केलंस, गायीला काय फरक पडतो?

लाव्हर्न : डेलमर, पाणी पी जरा.

डेलमर : तुला तहान लागली असेल तर तू पी.

ट्वायला : ऐका. जूनमध्ये सहा दिवस मी या कुरणात होते. पहाटे साडेचारला उठून कोण माजावर आली ते बघत होते. डीकनच्या गोठवलेल्या वीर्याची एकेक कांडी पस्तीस अंशांच्या पाण्यात, घड्याळ लावून पंचेचाळीस सेकंदं. गरम पाण्याची बाटली शर्टात घालून, कांडी पोटाशी धरून खोड्यापर्यंत पळत यायचे मी. आणि तुम्ही कुठे होतात?

डेलमर : गायी हाकत होतो.

ट्वायला : दोन दिवस हाकल्यात. मग घरात जाऊन बसलात.

डेलमर : माझी बायको मेली होती!

ट्वायला : माझी आई मेली होती!

लाव्हर्न : तिकडे गायी बुजताहेत. मीही.

ट्वायला : बुजू देत. डॉक्टर, तुम्हीच सांगा. मला तो बैल नको होता, खरं आहे. डीकनची वासरं आईचं दूध सुटायच्या वेळी आजच्या बैलांच्या वासरांपेक्षा साठ पौंडांनी हलकी भरतात. आपण मांसाची गुरं पाळतो. साठ पौंड मांस प्रत्येक वासरामागे. हे मी आईला तोंडावर सांगितलं होतं.

डेलमर : आणि ती काय म्हणाली होती, ते सांग की.

ट्वायला : सांगते ना. ती म्हणाली, तरुण बैल म्हणजे लग्नाआधीचा मुलगा. तेव्हा सगळेच बरे दिसतात.

लाव्हर्न : तुझी आई, मार्डेलच ती.

डेलमर : तिने डीकनचं वीर्य भरलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. लोक हसले. म्हणाले, म्हाताऱ्या बैलाचं कशाला साठवतेस? ती म्हणाली, म्हातारा आहे म्हणूनच. त्याच्या मुली मी बघितल्यात. त्यांची कास बघितली, खूर बघितले, फेब्रुवारीच्या वादळात उघड्यावर व्यायल्या ते बघितलं. तुझा तो दोन वर्षांचा पोरगा! त्याची एक मुलगी व्यायलीय का अजून? एक?

ट्वायला : नाही. पण त्याच्या रक्ताची तपासणी झालीय. हजारो जनावरांशी ताडून—

डेलमर : आकडे! आकडे बर्फात व्यायला जातात का?

ट्वायला : नाही जात. म्हणूनच म्हटलं, कालवडींना तरुण बैल आणि आईने सांगितलेल्या सोळा गायींना डीकन. कोणी ठरवलं हे? मी. हॉस्पिटलात तिने कागदावर सोळा नंबर लिहिले. म्हणाली, या सोळांची हाडं मोठी झालीत, खायला फार मागतात, यांना डीकनचं रक्त पाहिजे. मी हो म्हटलं. मला पटलं नव्हतं तरी हो म्हटलं. आणि शब्द पाळला. आता तुम्ही म्हणता मुद्दाम केलं.

डेलमर : मग सोळा रिकाम्या कशा?

ट्वायला : मला माहीत नाही!

डेलमर : असं कसं माहीत नाही? नायट्रोजनचं भांडं तुझ्या ताब्यात, कांड्या तुझ्या हातात.

ट्वायला : जुन्या होत्या. छत्तीस वर्षांच्या. संपल्या असतील.

लाव्हर्न : तसं नाही होत, पोरी. नीट ठेवल्या तर शंभर वर्षं राहतील. थंडीत त्यांना वय नसतं.

डेलमर : ऐकलंस? नीट ठेवल्या तर.

ट्वायला : ठेवल्या होत्या. दर रविवारी लाकडी पट्टी घालून नायट्रोजन मोजते मी. एकदाही आठ इंचांखाली गेला नाही.

डेलमर : म्हणे मोजते.

ट्वायला : भिंतीवर तारखा लिहिल्यात, वाचा जाऊन. आणि ऐका, गुरुवारी कत्तलखान्याची गाडी येतेय. या सोळा जाणार.

डेलमर : या सोळा कुठेही जाणार नाहीत.

ट्वायला : रिकामी गाय गाडीत. नियम आहे.

डेलमर : नियम गेला खड्ड्यात.

ट्वायला : आईचा नियम आहे. तिने तिची लाडकी काणी गाय पाठवली होती, मी रडत होते तरी. कत्तलखान्याच्या गाडीत स्वतः चढवली. म्हणाली, एकीला ठेवलं की सगळ्यांना ठेवावं लागतं.

डेलमर : तिने हातानं निवडलेल्या गायी आहेत या. आणि डीकनची शेवटची मुलगी, ती एक्क्याण्णव नंबर, दोन वर्षांपूर्वी गेली. या सोळा गेल्या की मार्डेलचं काय उरलं इथे? सांग. तुझा कॅटलॉग?

ट्वायला : मी उरलेय इथे.

लाव्हर्न : हे बघा दोघंही. एका गोड कोलाच-पावावरून भांडणारे भाऊ बघितलेत मी, पण त्यांच्यासमोर निदान कोलाच तरी होतं. तुमच्यासमोर काय आहे? कांड्या मेलेल्या होत्या की हात चुकला, हे ओरडून कळणार नाही. माझ्या गाडीत मायक्रोस्कोप आहे. डीकनच्या किती उरल्यात?

ट्वायला : भांड्यातल्या दोन नंबरच्या डब्यात सात.

लाव्हर्न : एक खर्च करू. जिवंत असतील तर ट्वायला, तुझं काहीतरी चुकलं. मेल्या असतील तर तुझी चूक नाही. कबूल?

ट्वायला : कबूल.

लाव्हर्न : डेलमर?

डेलमर : सातातली एक घालवायची?

लाव्हर्न : सोळा घालवल्यात आधीच. चल. जुन्या दुधाच्या खोलीतच आहे ना भांडं?

ट्वायला : तिथेच. आई ठेवायची तिथे. दार जरा उचलून ढकला, अडकतं.

लाव्हर्न : हे स्टूल कुणाचं इथे? पाय अडकून पडलो असतो.

ट्वायला : आईचं. स्वयंपाकघरातलं. मी दोनदा आत नेऊन ठेवलं, परत इथेच येतं.

लाव्हर्न : असो. तू काढ कांडी. डबा वर किती आणतेस ते बघू दे मला.

ट्वायला : भांड्याच्या मानेच्या खाली. एवढाच. हा बर्फाचा कडा दिसतोय ना, त्याच्या वर नाही. आईने शिकवलंय, श्वास धरायचा. एक श्वास संपेपर्यंत मिळाली नाही तर डबा खाली सोडायचा, मग परत. ही बघा. आली.

लाव्हर्न : चोख. पाण्यात टाक. हात चांगला आहे तुझा, मी काही आज सांगत नाहीये हे.

डेलमर : बघ आधी. मग कौतुक कर.

लाव्हर्न : बघतो, बघतो. जरा उजेड सोड. बाजूला हो डेलमर, दारासारखा उभा आहेस... हं.

डेलमर : काय?

लाव्हर्न : थांब. दुसऱ्या बाजूने बघतो. ...नाही.

ट्वायला : काय नाही?

लाव्हर्न : एकही हलत नाही. नुसता गाळ. ट्वायला, तुझी चूक नाही. तू जूनमध्ये मेलेल्या कांड्यांनी गायी भरवत होतीस.

ट्वायला : ऐकलंत?

डेलमर : मग भांडंच फुटकं आहे. बनवणाऱ्याच्या—

ट्वायला : भांडं फुटकं असतं तर कालवडी गाभण कशा राहिल्या? त्या पोराच्या कांड्याही याच भांड्यात आहेत. चार नंबरच्या डब्यात.

लाव्हर्न : बरोबर. भांडं ठीक आहे. नायट्रोजन नेहमीएवढाच लागतो ना?

ट्वायला : नाही. तेच तर. पूर्वी आठ आठवड्यांनी भरायला लागायचा. डिसेंबरपासून पाच आठवड्यांनी लागतोय. मला वाटलं मान सैल झाली असेल. नवीन भांडं बघत होते.

लाव्हर्न : मान सैल नाही. झाकण उघडतंय कोणीतरी. रोज उघडतंय आणि दोन नंबरचा डबा पार वर काढतंय. फक्त दोन नंबरचा. कांडी एकदा वर आली की दहा-बारा सेकंदांत आतून मरायला लागते. परत बुडवली तरी मेलेलं मेलेलंच. बाहेरून काही दिसत नाही. इथे येतं कोण?

ट्वायला : मी रविवारी. दुसरं कोणी नाही.

लाव्हर्न : मग हे स्टूल?

ट्वायला : बाबा?

डेलमर : काय बाबा?

ट्वायला : स्टूल कोण आणतं इथे?

डेलमर : बसायला लागतं माणसाला. गुडघे गेलेत माझे.

ट्वायला : इथे कशाला बसता?

डेलमर : माझी जागा आहे. कुठेही बसेन.

ट्वायला : झाकण तुम्ही उघडता?

डेलमर : झाकण काय, कोणीही उघडेल.

ट्वायला : बाबा, मी विचारतेय.

डेलमर : वाफ येत होती.

लाव्हर्न : कसली वाफ?

डेलमर : डबा वर काढला की पांढरी वाफ यायची. कांड्यांवरून खाली ओघळायची. वाफ येतेय म्हणजे थंड आहे. नाही का? मला वाटलं, वाफ आहे तोवर काही होत नाही. मी काही काढून घेत नव्हतो. वाचत होतो.

ट्वायला : वाचत?

डेलमर : कांड्या ज्या पट्ट्यांना लावल्यात, त्यांच्यावर लिहिलंय तिने. वरच्या टोकाला. अक्षर मुंगीएवढं, मला चष्मा लावूनही उजेडात धरावं लागतं. घरातलं तिचं सगळं तू खोक्यांत भरलंस. वह्या ऑफिसात नेल्यास. फ्रिजवरचे कागद काढलेस.

ट्वायला : तुम्हीच म्हणालात काढ म्हणून! 'माझ्या डोळ्यांसमोर नको,' असं ओरडलात!

डेलमर : म्हटलं असेन. नोव्हेंबरात काय काय म्हटलं मी. मग एकदा इथे आलो, झाकण उघडलं, तर ती होती.

लाव्हर्न : रोज यायचास?

डेलमर : कॉफी झाली की.

लाव्हर्न : चाळीस वर्षं गुरं पाळतोयस, डेलमर. कांडी बाहेर धरू नये, हे तुला माहीत नाही?

डेलमर : भांड्याला मी कधी हात लावलाय? ते तिचं काम. मी गायी खोड्यात आणायचो, ती भरवायची. ती म्हणायची, तू भांड्याजवळ येऊ नकोस, तुझे हात फावड्यासारखे आहेत. नाही यायचो मी.

ट्वायला : आणि मला म्हणालात मुद्दाम केलं.

डेलमर : हो.

ट्वायला : नऊ महिने रोज सकाळी तुम्ही स्वतःच्या हाताने मारत होतात. तिने जपलेलं. आणि आज सकाळपासून, नाही, जुलैत काही गायी परत माजावर आल्या तेव्हापासून, मी कशी चुकले, मी कशी मन लावत नाही... जेवताना बोलत नव्हतात माझ्याशी. चर्चमध्ये त्या बायकांना सांगितलंत, 'माझ्या मुलीला जुनं काही नको असतं.'

डेलमर : ट्वायला—

ट्वायला : मी मध्यरात्री उठून जुन्या वह्या चाळल्या, माझं काय चुकलं ते शोधायला. पाणी जास्त गरम होतं का. हात थंड होता का. मला वाटलं, आईने मला एकच काम दिलं आणि मी ते घालवलं. कळतंय तुम्हाला?

डेलमर : कळतंय.

ट्वायला : नाही कळत!

लाव्हर्न : ओरडू दे तिला, डेलमर. तुझी पाळी झाली.

डेलमर : मी काय म्हणतोय? ओरडू दे.

ट्वायला : मला नाही ओरडायचं आता. घसा दुखतोय.

लाव्हर्न : एक विचारू? झाकणाच्या आत मार्डेलचं कार्ड चिकटवलंय. इथे दोन नंबरसमोर 'डीकन' लिहिलंय. आणि पाच नंबरसमोर हे काय? चष्मा दे रे तुझा. 'डीकन, पाच कांड्या. अक्षर डेलमरचं. वाचता आलं तर वापरा.'

ट्वायला : ते राहू द्या. आई म्हणायची, नीट भरल्यात की नाही देवाला ठाऊक.

डेलमर : मी लिहिलेली पट्टी आहे ती. एकच. तू जन्मलीस त्या दिवशीची.

लाव्हर्न : अठ्ठ्याऐंशीचा मे. आठवतंय मला. मार्डेलला कळा सुरू झाल्या आणि वीर्य काढायला आलेला माणूस यंत्र घेऊन दारात उभा, बैल तयार. ती म्हणाली, 'बैलाला थांबवू नका, मी जाते.'

डेलमर : माझी बहीण घेऊन गेली तिला. मी मागे राहिलो, कांड्या भरून घेतल्या, पट्टीवर लिहिलं आणि मग गेलो. पोचलो तेव्हा तू झाली होतीस. त्यावरून वर्षभर ऐकवलं तिने.

लाव्हर्न : पाच नंबरचा डबा तू उचलायचास का?

डेलमर : तो कशाला उचलू? माझंच अक्षर. वाचण्यासारखं काय आहे त्यात?

लाव्हर्न : मग त्या खालीच बसून राहिल्यात. छत्तीस वर्षं.

ट्वायला : तपासायची का एक?

लाव्हर्न : तपासली तर चार उरतील. नाही तपासली तर पाच, पण अंधारात.

डेलमर : तिला ठरवू दे.

ट्वायला : आता मला ठरवू देताय?

डेलमर : हो. आता.

ट्वायला : सरका मग. उजेड सोडा. आणि कोणी बोलू नका, श्वास धरायचाय... घ्या डॉक्टर.

लाव्हर्न : पाणी, घड्याळ, सगळं आहे... बरं. ये बाई, बघू दे... अरे.

डेलमर : काय अरे?

लाव्हर्न : इकडे ये. तू नको, ती. ट्वायला, बघ.

ट्वायला : हलताहेत.

लाव्हर्न : हलताहेत काय, धावताहेत. निम्मे तरी. गाय गाभण राहायला तेवढे पुरतात.

डेलमर : मला बघू दे.

ट्वायला : बघा. हात लावू नका कशाला.

डेलमर : नाही लावत. ...हा डीकन?

लाव्हर्न : डीकनच. तसाच, घाईत कुठेतरी निघालेला.

ट्वायला : चार उरल्या. म्हणजे चार गायी राहतील. बारा गुरुवारच्या गाडीत जातील. त्यावर मी काही ऐकणार नाही.

डेलमर : आत्ता भरवल्या तर जूनमध्ये वितील. उशिराची वासरं. तुझ्या आईला खपलं नसतं.

ट्वायला : नसतंच खपलं. दोघांनाही सोललं असतं तिने. चार कुठल्या, ते सांगा. आकडे मी बघितलेत, पण पाय तुम्ही बघता.

डेलमर : एकशे सात. दोनशे बारा. ती पांढऱ्या पापणीची, नंबर आठवत नाही.

ट्वायला : एकशे चौसष्ट.

डेलमर : ती. आणि चौथी तू सांग.

ट्वायला : एकशे तीस. खाते कमी, वासरू जड देते.

डेलमर : तिची कास उजवीकडे उतरलीय.

ट्वायला : म्हणूनच तर डीकन.

लाव्हर्न : मी निघतो. मला वाटतं आता तुम्ही रीतसर भांडताय. माजावर आल्या की बोलवा, नाही बोलावलंत तरी येईन.

डेलमर : ट्वायला. मी जे म्हटलं सकाळी...

ट्वायला : आज नको. आज मला राग आहे. उद्याही असेल.

डेलमर : असू दे. चर्चमधल्या त्या बायकांना मी सांगेन. रविवारी. सगळ्यांसमोर.

ट्वायला : काय सांगाल?

डेलमर : मी मारल्या म्हणून.

ट्वायला : बघू. दोन नंबरचा डबा बाहेर काढतेय मी. या सहा काही कामाच्या नाहीत.

डेलमर : फेकून दे.

ट्वायला : कांड्या फेकते. पट्ट्या नाही. काय लिहिलंय बघू... 'डीकन, ६ मे. वारा फार.' 'डीकन, ९ मे. पाठ दुखतेय, माझी.' ही शेवटची बघा. 'बैल शांत, डेलमर चिडलेला.'

डेलमर : पाठ आहेत मला.

ट्वायला : हात पुढे करा. जपून, अजून गार आहेत.

डेलमर : लगेच आत ठेवायला नको?

ट्वायला : नाही, बाबा. आता कितीही वेळ बाहेर धरल्यात तरी चालेल.